दोन नंबरची बरणी

"थांबा भाई, बूच लावू नगा. आदी मला बगू द्या."

राहीबाईनं खिडकीच्या गजातून हात आत घातला, भरलेली बाटली बाहेर ओढली आणि तळहातावर चार थेंब ओतून जिभेला लावले. तिचं तोंड असं काही वाकडं झालं की मागं रांगेत उभा असलेला केरबा हसायलाच लागला.

"हां! ह्येला म्हनायचं कोयनेल. नुसतं जहर हाय," ती समाधानानं म्हणाली आणि बाटली पुन्हा आत दिली.

खिडकीच्या आत बादशहा तांबोळी उभा होता, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर. वय बावन्न, नोकरी बावीस वर्षं. कृष्णाकाठच्या खेड्यांत लोक डॉक्टरापेक्षा त्यालाच जास्त ओळखत, कारण डॉक्टर दर तीन वर्षांनी बदलायचे आणि तांबोळी होता तिथंच असायचा. त्याला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. बाटलीवर डोस दाखवायला कागदाची दातेरी पट्टी चिकटवतात, ती तो घडी घालून अशी कातरायचा की सहाच्या सहा दात सारखे यायचे. "मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यातसुद्धा अशी पट्टी मिळायची न्हाई," असं तो म्हणायचा, आणि मिरज न पाहिलेल्या लोकांना ते पटायचं.

राहीबाई माळवाडीची, चार कोसांवरून चालत आलेली. तिच्या सुनेला, विजयमालाला, दहा दिवस हिवताप होता. ही तिसरी बाटली होती.

त्या बाटलीत कोयनेल नव्हतं. हे तांबोळीला ठाऊक होतं आणि डॉक्टरांना ठाऊक होतं, दवाखान्यात तिसऱ्या कुणाला नाही.

सन चव्वेचाळीसचा भादवा चालू होता. आदल्या वर्षापर्यंत दवाखान्यात हिवतापाच्या औषधाची एकच बरणी असायची. लढाईनं कोयनेल यायचं जवळजवळ थांबलं आणि बरण्या दोन झाल्या. एक नंबरच्या बरणीत कोयनेल, म्हणजे खरं क्विनीन. ती कुलपात, आणि किल्ली डॉक्टर पाटणकरांच्या जानव्याला. दोन नंबरच्या बरणीत जुलाबाचं मीठ, रंग आणि पाणी. एक नंबर कुणाला द्यायचं ते वरून आलेल्या कागदात लिहिलं होतं. अंमलदार, पोलीस, त्यांच्या घरची माणसं. माळवाडीचं नाव त्या कागदात कुठंच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात बोभाटा झाला. खेड्यातल्या माणसाला औषधाचं नाव ठाऊक नसलं तरी चव पक्की ठाऊक असते. "पानी पाजताय व्हय आमास्नी?" म्हणून एकानं बाटली दवाखान्याच्या पायरीवर फोडली. डॉक्टर घाबरले. तेव्हा तोड काढली ती तांबोळीनं. त्याची आजी तापात काडेचिराईताचा काढा द्यायची, आणि त्या काढ्याचा कडूपणा त्याच्या जिभेवर अजून होता. त्यानं बाजारातून काड्यांच्या जुड्या आणल्या, भिजवल्या, उकळल्या आणि गाळून दोन नंबरच्या बरणीत ओतल्या. बोभाटा एका दिवसात बंद. डॉक्टरांनी पाठ थोपटली. तांबोळी त्या दिवशी खुशीत घरी गेला आणि त्यानं बायकोला ही हुशारी हसत हसत सांगितली.

"पर त्यानं ताप जातो का वो?" अकिलानं विचारलं होतं.

"ज्याचा जायचा त्याचा जातो," तांबोळी म्हणाला होता, आणि जेवायला बसला होता.

आता तो बूच लावत होता, तरी राहीबाई खिडकीवरून हलेना.

"भाई, येक इचारायचं हुतं."

"इचारा की आक्का."

"काल सांजपासनं पोरगी भलतंच बोलाया लागलीया. माजा हंबीर तिकडं बरमात लढाईवर हाय, आन् ही म्हंतीया त्यो दारात हुबा हाय, त्येला पानी द्या. दारात कोन बी न्हाई. म्या तांब्या न्हेऊन ठिवला, तवा गप झाली." राहीबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "अंगावर चार म्हयन्याचं पोर हाय, त्येला बी वळखंना. माजा धाकला नाथाजी म्हंतोय, मिरजंला न्हेऊ मिशनात. गाडी जुपूनच ठिवलीया त्येनं. म्या म्हनलं, आदी भाईस्नी इचारते. तुमी म्हनाल तसं."

तांबोळीचा हात बुचावरच राहिला. तापात माणूस असं बोलायला लागलं की काय समजायचं, ते त्याला बावीस वर्षांत चांगलं कळलं होतं. आज खरं औषध पोटात गेलं तर माणूस वाचतं. परवा देऊन काही उपयोग नसतो.

"ह्ये डॉक्टरांस्नी सांगितलं का?"

"सांगाया ग्येले, तर किती दीस ताप हाय म्हनले. म्या म्हनलं धा. तवर चिट्टी लिवून बी झाली."

चिठ्ठीवर गोलात दोनाचा आकडा होता.

"हितंच थांबा," तांबोळी म्हणाला आणि आत गेला.

डॉक्टर पाटणकर टेबलाशी महिन्याचा तक्ता भरत बसले होते. तांबोळी दारातच उभा राहिला.

"साहेब, माळवाडीच्या त्या बाईच्या सुनेला वात झालाय. तिसरी बाटली आहे दोन नंबरची. या खेपेला एक नंबर द्यावं म्हणतो."

"पेशंट कुठं आहे?"

"घरी."

"मग वात झालाय हे कुणी ठरवलं? तुम्ही?"

"माणूस ओळखत नाही म्हणते, साहेब. नवरा दारात दिसतो म्हणते."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "एक नंबर बोटभर उरलंय बरणीत. सोमवारी पोलिसांची पार्टी येऊन उतरणार. त्यातला एक जरी तापानं पडला, तरी मला जाब द्यावा लागेल. तुमच्या त्या बाईबद्दल मला कोण विचारणार आहे?"

हे त्यांनी दुष्टपणानं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर तांबोळीला राग तरी आला असता.

"तिचा नवरा फौजेत आहे. म्हणजे सरकारचाच माणूस की."

"फौजेच्या माणसाला फौज औषध देते. कागदात त्याची बायको नाही."

"मग मिरजेला न्या म्हणून सांगतो. गाडी जुंपलेली आहे त्यांची."

आता मात्र डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "काय म्हणून सांगाल? इथं औषध नाही म्हणून? आज एकीला सांगा, उद्या बाजारभर होईल दोन नंबरमध्ये काय आहे ते. मागं पायरीवर बाटली फुटली होती, तांबोळी. या वेळी आपली डोकी फुटतील. आणि त्या काड्या कुणी आणल्या होत्या, ते विसरू नका."

तांबोळी परत फिरला. औषधाच्या खोलीत फळीवर एक भरलेली बाटली त्यानं सकाळीच तयार करून ठेवली होती. मामलेदारांच्या बंगल्यावर जायची, एक नंबरची. बंगल्यात ताप कुणालाच नव्हता. येऊ नये म्हणून आठवड्याला एक बाटली जायची. तिच्याजवळच राहीबाईची बाटली त्यानं आणून ठेवली. दोन्हींचा रंग एक, उंची एक, पट्टीचे दात एक. बूच काढायचंही कारण नव्हतं, नुसती ही इकडं आणि ती तिकडं करायची होती. बाटली न्यायला येणाऱ्या बंगल्यावरच्या आकाराम शिपायाला कळलं नसतं, मामलेदाराला कळलं नसतं, राहीबाईला तर नाहीच.

त्यानं मामलेदारांच्या बाटलीला हात घातला. गेल्या दिवाळीत ड्रेसर लालासाहेबानं कोयनेलच्या चार गोळ्या बहिणीसाठी घरी नेल्या होत्या. त्याची चौकशी झाली आणि आता तो सांगलीत अडत्याकडं गुळाच्या ढेपा उचलत होता. पेन्शनला तीन वर्षं राहिली होती. पण कोण बघतंय? बंगल्यातली बाटली कोण तपासणार आहे? त्यानं बाटली उचलली.

"भाई, झाली का सायबाची बाटली?" मागच्या दारातून आकाराम आत आला. "लवकर द्या, बाईसाब खोळंबल्यात."

बाटली तांबोळीच्या हातातच होती. हात आपोआप पुढं झाला. आकारामानं बाटली काखेत मारली, खिडकीतून दिसणाऱ्या रांगेकडं बघून "लय गर्दी" असं म्हणाला, आणि गेला.

तांबोळीनं दुसरी बाटली घेतली आणि खिडकीशी आला. राहीबाई गज धरून उभी होती.

"काय म्हनले डॉक्टर?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. 'मिरजेला न्या' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण पाठीमागं चपलांचा आवाज झाला. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते.

"द्या ह्ये तीन दीस," तांबोळी म्हणाला. "मंग बगू."

"मिरजंला नगो न्हवं? गाडी सोडाया सांगू?"

तो तिच्याकडं बघत नव्हता, बाटलीवरच्या पट्टीकडं बघत होता.

"सांगा."

"माजा जीव भांड्यात पडला बगा," राहीबाई म्हणाली. "येवडी कडू हाय म्हंजी गुन यायाच पायजे." आणि बाटली ओच्यात खोचून ती भराभरा चालू लागली.

तो शनिवार होता.

रविवारी दवाखान्याला सुट्टी. सोमवारी तांबोळीनं खिडकी उघडली ती रांगेवरून नजर फिरवत. माळवाडीचं कुणी नव्हतं. मंगळवारी कागद कातरताना दात वाकडे आले. त्यानं तो कागद चुरगाळून टाकला आणि दुसरा घेतला, तर तोही वाकडा. बुधवारी तीन दिवस होऊन गेले होते. राहीबाई आली नाही म्हणजे गुण आला, असं त्यानं स्वतःला दोन-तीनदा सांगून पाहिलं. घरी अकिलानं वाढलेलं ताट तसंच राहिलं. तिनं विचारलं, तर "तोंड कडू झालंय" म्हणाला.

शुक्रवारी सकाळी आकाराम रिकामी बाटली घेऊन आला.

"संपली का?"

"कशाची संपतीया, भाई! बाईसाबांनी येक घोट घ्येतला आन् थुकला. लय कडू म्हनल्या. मलाच सांगितलं, वत त्या जास्वंदीच्या बुडात." आकाराम हसला. "दर खेपंला त्येच हुतंया. जास्वंदीला काय हिवताप येत न्हाई आता."

तांबोळी हसला नाही. त्यानं बाटली घेतली आणि धुवायला लागला. धुऊन झाली तरी तो धूतच राहिला, कारण मागं वळला की खिडकी दिसायची.

"भाई."

राहीबाईच होती. तिच्या पदराआड पोर होतं. तिनं एक बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मागं सरकली.

"शिवू नगा मला, सुतकात हाय म्या. हितंच ठिवते."

रांगेतली माणसं जरा बाजूला झाली.

"कवा?" त्यानं विचारलं.

"सोमवारी दुपारी. सकाळचा चवथा डोस कसा तरी उतरला तिच्या नरड्याखाली. मंग डोळंच पांढरं केलं." राहीबाई सरळ आवाजात बोलत होती. सांगून सांगून तिचं रडणं संपलं असावं. "दोन डोस उरल्यात बगा त्यात. टाकाया म्हनून उकिरड्याकडं ग्येले, तर हात हुईना. येवडं म्हागमोलाचं औशिद, कुनाच्या तरी जीवाला पडंल. तुमीच द्या कुना गरिबाला."

तांबोळीनं बाटलीकडं पाहिलं. तिला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.

"तुमच्या औशिदात खोट नव्हती, भाई. लय कडू हुतं. तिचंच भरलं हुतं म्हनायचं." मग तिनं पदर बाजूला केला. पोरगी तांबडीलाल झाली होती, डोळे अर्धवट मिटलेले, श्वास भराभरा. "कालपासनं हिला बी चडलाय ताप. सुतकात उंबरा वलांडून आले, त्ये हिच्यापायी. तुमच्या हातचंच द्या. लहान हाय, कसं पाजायचं तेवडं नीट सांगा."

आणि तिनं पदराखालून दुसरी, छोटी बाटली काढून पुढं केली. घासून लख्ख केलेली होती.

तांबोळीनं ती घेतली नाही. दोन नंबरची बरणी त्याच्या हाताशी होती, अर्धी भरलेली. शेजारी कात्री होती, कागद होता. आत डॉक्टर कुणाला तरी 'जीभ दाखव' म्हणत होते.

"आक्का," तो म्हणाला. "ह्यात कोयनेल न्हाई."

"आँ?"

"कोयनेल न्हाई ह्यात. तुमच्या तिन्ही बाटल्यांत नव्हतं. कोयनेल सायबलोकांचं हाय. ह्या खिडकीतनं म्या कुनाला बी दिल्यालं न्हाई, वरीस झालं."

रांगेतली कुजबुज थांबली. केरबा दोन माणसं सोडून उभा होता. तो पुढं सरकला. राहीबाई मात्र होती तिथंच होती. तिला जणू साधा हिशोब लागत नव्हता.

"मंग कडू कशाचं हुतं?"

"काडेचिराईताचं."

"काडेचिराईत?" तिनं तो शब्द सावकाश उच्चारला. "त्ये तर माज्या उतरंडीत हाय की वो. वरच्याच गाडग्यात."

तांबोळीला वाटलं, तिनं आता ओरडावं, बाटली फोडावी, आपल्या सात पिढ्या काढाव्यात. तिनं तसं काहीच केलं नाही. ती पोरीच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "गाडी जुपल्याली हुती."

"व्हय. म्याच सोडाया सांगितली." तो गजाला कपाळ लावून बोलत होता. "आता सोडू नगा. अकराची मोटार हाय मिरजंला. हिला घ्येऊन जावा. मिशनात दावा आन् सांगा, आजपातूर काईच औशिद दिल्यालं न्हाई म्हनून. हिचा कालचाच ताप हाय. चला, आक्का!"

"तांबोळी!" डॉक्टर दारात आले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "काय बडबड चालवलीय? खिडकी बंद करा!"

तांबोळीनं खरंच खिडकीची एक फळी ओढली, पण दुसरी ओढायच्या आधी तो मागच्या दारानं बाहेर पडला आणि वळसा घालून पुढं आला. बावीस वर्षांत तो रांगेच्या बाजूला कधी उभा राहिला नव्हता. लोकांनी त्याला वाट दिली. राहीबाई चालायला लागली होती. तो तिच्यामागून दहा पावलांवरून चालला. तिनं वळून पाहिलं नाही.

मोटार चावडीपुढं उभी होती. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली, आणि भट्टी धुमसत होती. ड्रायव्हर बिडी ओढत म्हणाला, "अजून अर्धा तास. कोळसा ओला हाय."

"पोरगी तापानं फनफनलीया," तांबोळी म्हणाला.

"मंग मी काय करू? पंखा फिरवनारा आज आला न्हाई."

तांबोळीनं भट्टीच्या पंख्याची मूठ धरली आणि फिरवायला लागला. आधी नुसता धूर आला, त्याच्या डोळ्यांत, नाकात. टोपी पडली. तो फिरवतच राहिला. खांदा भरून आला, दुसऱ्या हातानं फिरवलं. आत पहिल्या बाकावर राहीबाई पोरीला पोटाशी धरून बसली होती आणि पुढच्या रस्त्याकडं बघत होती. ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा ड्रायव्हरनं बिडी टाकली.

मोटार हलली. राहीबाईनं वाऱ्यापासून पोरीचं डोकं झाकलं. तांबोळीकडं तिनं शेवटपर्यंत पाहिलं नाही, आणि ते योग्यच होतं असं त्याला वाटलं. धूळ खाली बसेपर्यंत तो तिथं उभा राहिला, मग टोपी झटकून डोक्यावर घातली आणि परत निघाला.

दवाखान्यापुढं रांग मोडली होती. माणसं आवारात जागोजागी उभी होती, हातात आपापल्या बाटल्या. कुणी दंगा करत नव्हतं. केरबा समोर आला.

"भाई, माज्या थोरल्या पोराला आखाडात दिल्यालं, त्ये बी?"

"व्हय, केरबा."

केरबानं मान हलवली. त्याचा थोरला आषाढातच गेला होता. तो पायरीवर जाऊन बसला आणि बाटली त्यानं गुडघ्यांमध्ये धरली.

तांबोळी आत गेला. डॉक्टर औषधाच्या खोलीत उभे होते.

"मला वर लिहावं लागेल," ते म्हणाले.

"लिहा, साहेब. काड्या मी आणल्या होत्या, तेही लिहा."

त्यानं दोन नंबरची बरणी दोन्ही हातांनी उचलली, मोरीत नेली आणि उपडी केली. बराच वेळ ती गळत राहिली. सगळ्या खोलीत कडू वास पसरला. मग तो खिडकीशी आला, ओढलेली फळी त्यानं पुन्हा उघडली. कट्ट्यावर राहीबाईनं ठेवलेली बाटली तशीच होती. तिला कुणी हात लावला नव्हता. तळाशी दोन डोस उरले होते, आणि काचेवर त्यानंच चिकटवलेली पट्टी होती. तिचे सहाच्या सहा दात अगदी सारखे होते.